उस्मानिया ते मार्लवाई : हैदराबादेतील स्वभाषा-शिक्षणाचा इतिहास

26 एप्रिल 1917 रोजी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद संस्थानासाठी स्वतंत्र विद्यापीठ काढण्याचे फर्मान जारी केले. त्या काळातल्या हिंदुस्थानात विद्यापीठ निघणे ही फार मोठी नवलाई नव्हती. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील विद्यापीठांना तेव्हा साठ वर्षे झाली होती. नवलाई होती ती अटीत: या विद्यापीठात गणितापासून वैद्यकापर्यंत सारे विषय उर्दूतून शिकवायचे आणि इंग्रजी ही सक्तीची पण दुय्यम भाषा राहायची. पूर्वेची आणि पश्चिमेची, जुनी आणि नवी विद्या एकत्र यावी, चालू शिक्षणपद्धतीचे दोष दूर व्हावेत, असा हेतू फर्मानात नोंदवला होता. आज शिक्षणाच्या निर्वसाहतीकरणाची चर्चा विद्यापीठांतून होते तेव्हा आफ्रिकेतले आणि लॅटिन अमेरिकेतले दाखले दिले जातात. ते द्यावेतच. पण आपल्या दारात याच प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी एक मोठा प्रयोग झाला आणि त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्याच संस्थानाच्या डोंगराळ टोकाला दुसरा, छोटा पण अधिक खोल प्रयोग झाला, याची आठवण आपण ठेवलेली नाही. पहिला उस्मानिया विद्यापीठाचा, दुसरा तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई गावाचा. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून वाचले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. राज्यकर्त्याची परकी भाषा वर्गातून बाहेर काढली एवढ्याने शिक्षण वसाहतीतून सुटत नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाची भाषा आणि त्याच्या घरचे ज्ञान पाठ्यक्रमात शिरते का, आणि शिरल्यावर ते वरच्या वर्गापर्यंत पोहोचते का, यावर ते ठरते.

पूर्वपीठिका

हैदराबाद संस्थान ब्रिटिशांच्या थेट अमलाखाली कधीच नव्हते, पण शिक्षणाच्या बाबतीत ते मोकळेही नव्हते. पहिल्या सालारजंगांनी 1856 मध्ये दारुल उलूम काढले. तेथे अरबी-फारसीचे शिक्षण मिळे आणि परीक्षा पुढे पंजाब विद्यापीठाच्या होत. 1887 मध्ये निजाम कॉलेज उभे राहिले आणि ते मद्रास विद्यापीठाला जोडले गेले. म्हणजे हैदराबादच्या तरुणाने काय वाचावे, कोणत्या प्रश्नांची उत्तरे लिहावीत, हे मद्रासेत ठरे आणि मद्रासचे वळण 1835 च्या मेकॉलेच्या टिपणापासून चालत आलेले होते. राज्य आपले, तिजोरी आपली, विद्यार्थी आपले, पण ज्ञान कशाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार बाहेरचा, अशी ही व्यवस्था होती. तिच्याविषयीची अस्वस्थता जुनी होती. जमालुद्दीन अफगाणी 1880 च्या आसपास हैदराबादेत राहिले होते आणि त्यांनी लोकांच्या भाषेतून आधुनिक विद्या शिकवण्याचा आग्रह धरला होता. पुढे इंग्रज लेखक विल्फ्रेड ब्लंट येथे आले, त्यांनीही स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. तिला आकार मिळाला तो अकबर हैदरी यांच्या हातून. शिक्षणखात्याचा कारभार पाहिलेल्या या अधिकाऱ्याने निजामांपुढे जे निवेदन ठेवले, त्याचा गाभा असा होता की परभाषेतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याची निम्मी शक्ती भाषेशी झुंजण्यात खर्च होते आणि विषय समजण्याऐवजी पाठांतर हाच शिक्षणाचा मार्ग होऊन बसतो.

मराठी वाचकाला येथे एक समकालीन गोष्ट आठवेल. याच सुमारास, 1916 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले आणि तेथेही शिक्षण मातृभाषेतूनच होते. दोन्ही संस्था एकाच काळाच्या मागणीतून जन्मल्या. फरक साधनांचा होता. कर्व्यांच्या विद्यापीठाला सरकारी मान्यतेसाठी 1951 पर्यंत वाट पाहावी लागली आणि ते वर्गणीवर आणि देणग्यांवर चालले. उस्मानियाच्या पाठीशी हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या संस्थानाचा खजिना होता. म्हणूनच उस्मानियाला जे करता आले ते इतर कोणाला तेव्हा शक्य नव्हते आणि जे करायचे राहिले त्याची जबाबदारीही त्याच प्रमाणात मोठी आहे.

दारुल तर्जुमा

विद्यापीठाचे वर्ग 1919 च्या ऑगस्टमध्ये भाड्याच्या जागेत सुरू झाले. आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येते ती आर्ट्स कॉलेजची गुलाबी दगडाची इमारत वीस वर्षांनी, डिसेंबर 1939 मध्ये खुली झाली. पण वर्ग भरण्याच्या दोन वर्षे आधीच एक खाते कामाला लागले होते: दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. या खात्याची कामाची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. विषय जाणणारा भाषांतरकार प्रथम पुस्तकाचा मसुदा करी. तो मसुदा साहित्यिक तपासनिसाकडे जाई. भाषा सरळ आहे का, वाक्य उर्दूचे वाटते का, हे तो पाहत असे. जोश मलीहाबादींसारख्या कवीने काही वर्षे तेथे काढली, ती या कामातच. धार्मिक दृष्टीने आक्षेपार्ह काही राहू नये म्हणून आणखी एक तपासनीस असे. आणि परिभाषेसाठी समित्या बसत. त्यांत एका बाजूला रसायन किंवा पदार्थविज्ञान जाणणारे आणि दुसऱ्या बाजूला भाषेचे पंडित असत. तेथे खरे वाद झाले. एका पक्षाला अरबीतून शब्द घडवायचे होते, तर वहीदुद्दीन सलीम यांच्यासारख्यांचे म्हणणे होते की उर्दूची घडण हिंदुस्थानी आहे, तेव्हा शब्द घडवण्याची रीतही त्याच घडणीतून घेतली पाहिजे. सलीम यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शेकडो ग्रंथ या कारखान्यातून बाहेर पडले आणि इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी हे विषय एका भारतीय भाषेत पदवीच्या पातळीवर प्रथमच सलगपणे उभे राहिले.

हा प्रयोग फसला, असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि भारतीय भाषेतून विज्ञान शिकवता येत नाही याचा पुरावा म्हणून उस्मानियाकडे बोट दाखवले जाते. या म्हणण्याला इतिहास आधार देत नाही. रझिउद्दीन सिद्दीकी याच विद्यापीठात उर्दूतून शिकले, तेथून केंब्रिजला गेले, लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन उस्मानियात गणित शिकवू लागले. ज्याचा पाया उर्दूत घातला गेला तो विद्यार्थी त्या काळच्या जगातल्या सर्वांत अवघड भौतिकशास्त्रात रमला, त्याला अडचण आली नाही. उस्मानियातून निघालेल्या डॉक्टरांनी संस्थानाचे दवाखाने चालवले, अभियंत्यांनी बांधकामे केली. तीस वर्षे हे चालू होते. ते थांबले त्याचे कारण वर्गातले अपयश नव्हते. 1948 च्या सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर राज्य बदलले, आणि ज्या सत्तेने उर्दूला माध्यम केले होते ती सत्ताच गेली, म्हणून माध्यमही बदलले. भाषेची क्षमता आणि भाषेमागची सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उस्मानियाने पहिली सिद्ध केली आणि दुसरीवर विसंबून राहिल्याची किंमत मोजली.

स्वभाषा कोणाची?

भाषेमागच्या सत्तेचा हा दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो टाळून उस्मानियाचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1931 च्या शिरगणतीनुसार हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 44 लाख होती. त्यांत जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलणारे, सुमारे चौथा हिस्सा मराठी, दहावा हिस्सा कानडी आणि साधारण तेवढेच उर्दू बोलणारे होते. म्हणजे परभणी, नांदेड किंवा बीडच्या मुलापुढे उर्दू माध्यम आले, ते इंग्रजीपेक्षा जवळचे असले तरी घरचे नव्हते. हैदरींच्या निवेदनातला युक्तिवाद, परभाषेशी झुंजण्यात निम्मी शक्ती जाते हा, त्या मुलाला शब्दशः लागू पडत होता. फक्त परभाषा बदलली होती. आणि ज्या घरांना इंग्रजीची गरज होती त्यांच्यासाठी निजाम कॉलेज 1947 पर्यंत मद्रासशी जोडलेले आणि इंग्रजी माध्यमाचे राहिलेच. स्वभाषेचे धोरण ज्यांनी आखले त्यांनी सर्वांत वरचा दरवाजा इंग्रजीसाठी उघडा ठेवला होता, ही गोष्ट आजच्या धोरणकर्त्यांनीही लक्षात ठेवावी अशी आहे.

यावर उर्दूच्या बाजूने दिले जाणारे उत्तर विचारात घ्यायला हवे. उर्दू ही परदेशातून आलेली भाषा नव्हे. दखनीच्या रूपाने ती याच मातीत वाढली, कुली कुतुबशहासारख्या राजाने तिच्यात कविता केली आणि हैदराबाद शहरात तेलुगू, मराठी, कानडी, तमिळ घरांतली माणसे एकमेकांशी याच भाषेत बोलत. चार भाषांतून विद्यापीठ चालवणे तेव्हा कोणालाही परवडले नसते. हे सारे खरे आहे, आणि शहराची सामायिक भाषा म्हणून उर्दूचे मोल आजही कमी नाही. पण विद्यापीठाचे माध्यम एक ठेवण्याची व्यावहारिक गरज आणि खालच्या शाळांत मातृभाषांना पुरेशी जागा न देणे यांत मोठे अंतर आहे. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत मराठी, तेलुगू, कानडी भक्कम केल्या असत्या आणि पुढे उर्दूकडे जाण्याची वाट बांधली असती, तर विरोधाची धार पुष्कळ बोथट झाली असती. झाले उलटेच. लोकांनी स्वतः काढलेल्या शाळांवर 1920 च्या दशकात पूर्वपरवानगीचे निर्बंध आले. अशा शाळांची परंपरा त्याआधीपासूनची होती: केशवराव कोरटकर, वामन नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी उभी केली, गुलबर्ग्यात नूतन विद्यालय 1907 मध्ये निघाले, 1921 मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सुरू झाली आणि पुढे अंबाजोगाईला योगेश्वरी वाढली. या शाळा शिक्षणसंस्था होत्या आणि त्याच वेळी आपल्या भाषेला ज्ञानाची भाषा म्हणून जिवंत ठेवण्याची धडपडही होत्या. 1938 च्या अखेरीस वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना उस्मानियाच्या वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढले गेले आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण नागपूर विद्यापीठात गेले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातच होते. ज्या विद्यापीठाने इंग्रजांच्या शिक्षणाला उत्तर म्हणून जन्म घेतला, त्याच्याच विद्यार्थ्यांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून दुसऱ्या प्रांतात जावे लागले, हा त्या प्रयोगावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

1948 नंतर माध्यम इंग्रजी झाले. अनेकांना तेव्हा हे न्याय्य वाटले, कारण इंग्रजी कोणाचीच नाही म्हणून सर्वांना सारखी, असा हिशेब होता. हा हिशेब चुकीचा होता. इंग्रजी सर्वांना सारखीच परकी असली तरी सर्वांना सारखीच उपलब्ध नव्हती. शहरातल्या शिकल्या घराला तिच्याकडे जायला जिना होता, खेड्यातल्या घराला नव्हता. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते: शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खालच्या शाळा ओसाड पडतात. फुल्यांचा मुद्दा भाषेपुरता नव्हता. शिक्षणाचा वरचा मजला कितीही देखणा बांधला तरी खालून वर येणारी पायरी नसेल तर तो मूठभरांचाच राहतो, हे त्यांनी पाहिले होते. उस्मानियाने वरचा मजला बांधला. खालची पायरी बांधण्याचा प्रयत्न झाला तो तेथून फार दूर, आदिलाबादच्या जंगलात.

मार्लवाई

आदिलाबाद जिल्हा तेव्हा आजच्यापेक्षा मोठा होता. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके 1956 पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. डोंगरांत राजगोंड, कोलाम, परधान, नायकपोड राहत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रस्ते आणि रेल्वे आली, जंगल राखीव झाले, आणि बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी व सावकारांनी गोंडांच्या जमिनी कागदोपत्री आपल्या नावावर करून घेतल्या. त्यांत तेलुगू लोक होते, तसे मराठीही होते, हे मराठीत स्वच्छ शब्दांत लिहिले पाहिजे. गोंडाला आपली जमीन कोणत्या कागदाने गेली हेही वाचता येत नव्हते. 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात उठावाचे गोंड नेते कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. या उठावाने राज्याला जाग आली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ तेव्हा युद्धामुळे हैदराबाद संस्थानातच अडकून पडले होते आणि चेंचू, रेड्डी या जमातींत काम करून गोंडांकडे वळले होते. जैनूरजवळच्या मार्लवाई गावात ते पत्नी बेट्टीसह राहिले. 1945 मध्ये ते आदिवासींविषयक सल्लागार झाले आणि उस्मानियात मानवशास्त्राचे प्राध्यापकही. विद्यापीठ आणि जंगल यांच्यात त्या वेळी एक सरळ रेषा आखली गेली.

मार्लवाईला 1943 मध्ये गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. पेच असा होता की शिकवायला गोंड शिक्षक नाहीत, आणि शिक्षक तयार करायला शिकलेले गोंड नाहीत. ज्या थोड्या जणांना अक्षरओळख होती ती मराठीची होती. त्यांनाच हाताशी धरले गेले. गोंडीतली वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण मराठीमुळे ती लिपी या भागात ओळखीची होती. मुलाने प्रथम आपल्या भाषेत वाचायचे, मग दुसऱ्या भाषेकडे जायचे, असा क्रम ठरला. वाचनपुस्तकांतला मजकूर गोंडांच्या गावातला, त्यांच्या कथांमधला होता. या कथांचा साठा लहान नव्हता. गोंड समाज सात, सहा, पाच आणि चार अशा देवसमूहांच्या ‘सगां’त विभागलेला आहे. कोणत्या सगातल्या मुलाचे लग्न कोणत्या सगात होते, कोणत्या कुळाचा पेर्सा पेन, म्हणजे कुलदेव, कोठून आला, पूर्वजांनी कोणती नदी ओलांडली, हे सारे परधान किंगरी या तंतुवाद्यावर गाऊन सांगतो. परधान हा गोंडांचा इतिहासकार, आणि आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी. एका समाजाचा इतिहास दुसऱ्या समाजाने पिढ्यानपिढ्या कंठात जपायचा, आणि तो जपणाऱ्याने घरी मराठी बोलायचे व गाताना गोंडी गायचे, अशी ही व्यवस्था आहे. समाजशास्त्राच्या आणि मौखिक इतिहासाच्या कोणत्याही विद्यापीठीय वर्गात हा विषय एका सत्राचा सहज होईल.

या कामात हैदराबादच्या मराठी माणसाचा वाटाही मोठा आहे. सेतुमाधवराव पगडी यांना महाराष्ट्र शिवकालाचे अभ्यासक आणि फारसी साधनांचे भाषांतरकार म्हणून ओळखतो. त्याआधी निजामाच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादेत गोंडांमध्ये काम करत होते. ते गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले, कोलामीचाही अभ्यास केला. ज्या भाषेला सरकारदरबारी बोलीहून अधिक किंमत नव्हती तिचे नियम एका मराठी अधिकाऱ्याने त्याच काळजीने नोंदवले ज्या काळजीने पुढे त्याने मोगल दरबारची अखबारे वाचली. आदिवासी ज्ञानाकडे विद्येच्या नजरेने पाहायचे म्हणजे काय, याचे मराठीतले इतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

उणिवा आणि आक्षेप

मार्लवाईचा गौरव करतानाही त्याच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. योजना राज्याने आखली होती आणि उठाव पुन्हा होऊ नये हा राज्याचा हेतू तिच्यामागे होता. सूत्रे बाहेरच्या विद्वानाच्या हाती होती. आणि एक गोष्ट साठ वर्षांनी उजेडात आली, तिने सर्वांनाच विचारात पाडले. त्याच डोंगरपट्ट्यातल्या गुंजाळा गावात गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते सापडली. अभ्यासकांनी त्यांचा काळ 1750 च्या आसपास ठरवला आहे. हैदराबाद विद्यापीठाच्या दलित-आदिवासी अध्ययन व भाषांतर केंद्रातून जयधीर तिरुमलराव यांच्या पुढाकाराने त्यांवर काम झाले आणि 2018 मध्ये या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. देवनागरी वापरण्याचा 1943 मधला निर्णय व्यवहार्य होता. पण गोंडांना अक्षर माहीत नाही हे गृहीतक मात्र पुरते बरोबर नव्हते. सदिच्छेने गेलेल्या माणसानेही, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना तुमच्याकडे काय आहे असे आधी विचारले पाहिजे, हा धडा त्यातून घ्यायचा.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी होती: वर जाण्याची वाट नव्हती. हायमेनडॉर्फ यांनी उस्मानियात आणि मार्लवाईत दोन्हीकडे काम केले, पण मार्लवाईच्या मुलासाठी उस्मानियापर्यंत गोंडीची सोबत करणारी एकही पायरी बांधली गेली नाही. 1956 मध्ये भाषावार राज्ये झाली तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, किनवट-राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले. एकाच गोंड कुळातली मुले इकडे तेलुगू आणि तिकडे मराठी शाळेत बसली. तेलुगू आणि मराठी भाषकांनी ज्या न्यायासाठी आयुष्यभर लढा दिला, तो मिळाल्यावर त्यांच्याच शाळांत गोंडीला स्वतःची जागा उरली नाही. राज्यघटनेत त्याच वर्षी आलेल्या 350 अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची अपेक्षा व्यक्त केली, पण त्याचा लाभ मोठ्या भाषांच्या अल्पसंख्यांना अधिक झाला. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख होते आणि गोंडी आठव्या परिशिष्टात आजही नाही.

येथे तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला: आदिवासी पालकांनाच मुलांना इंग्रजी, तेलुगू किंवा मराठी शिकवायची आहे, मग गोंडीचा आग्रह कोणासाठी? पालकांची इच्छा पूर्णपणे रास्त आहे. पण प्रश्न गोंडी की इंग्रजी असा नाहीच. जे मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत शिक्षकाचे बोलणेच समजू शकत नाही, ते चौथीत शाळा सोडते आणि त्याला इंग्रजीही मिळत नाही. मार्लवाईचा क्रम, आधी घरची भाषा आणि मग दुसरी, हाच दुसऱ्या भाषेपर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा रस्ता आहे. 1953 मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञांनीही हेच सांगितले आणि न्यूझीलंडच्या माओरींनी 1982 पासून आपल्या बालशाळांतून ते करून दाखवले. दुसरा आक्षेप असा की देवदेवतांच्या कथा पाठ्यपुस्तकात आल्या तर विज्ञानाचे काय? पण पाठ्यक्रमात येणे म्हणजे तपासणीतून सुटणे नव्हे. कोणती वनस्पती कोणत्या आजारावर वापरतात याची नोंद घेऊन प्रयोगशाळेत तिची परीक्षा करणे, गाण्यातल्या स्थलनामांची नकाशाशी सांगड घालणे, सगाव्यवस्थेचा नातेसंबंधांच्या शास्त्राने अभ्यास करणे, यांत विज्ञानाची हानी नाही, उलट त्याला नवे साहित्य मिळते. रामायण-महाभारताचा अभ्यास विद्यापीठांत होतो तो याच रीतीने. मग परधान गातात त्या गोंडांच्या महाकाव्याला वेगळी अट का? तिसरा आक्षेप खर्चाचा आणि माणसांचा. शिक्षक कोठून आणायचे? याला उत्तर 1943 मध्येच दिले गेले आहे. युद्धाच्या दिवसांत, मोजक्याच अक्षरओळख असलेल्या तरुणांच्या बळावर केंद्र उभे राहिले. आज त्या डोंगरांत पदवीधर गोंड तरुण आहेत. त्या वेळेपेक्षा आज हे सोपे आहे, अवघड नाही.

पुढची वाट

आज राज्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना हालचाल दिसते. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि ती टिकवण्यासाठी तिला झगडावे लागले. मार्लवाईच्याच कनकराजूंना 2021 मध्ये गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतून पायाभूत शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. पण सन्मान, धोरण आणि एकाकी शाळा यांची बेरीज म्हणजे व्यवस्था नव्हे. उस्मानियाने दाखवून दिले की एका भाषेला ज्ञानाची भाषा करायची तर पगारी माणसे, परिभाषेच्या समित्या, तपासनीस आणि छापखाना लागतो, आणि वर्ग उघडण्याआधी दोन वर्षे ते काम सुरू करावे लागते. मार्लवाईने दाखवून दिले की ते काम गावातल्या माणसांबरोबर, त्यांच्या कथांपासून सुरू करता येते. गोंडीसाठी, कोलामीसाठी दारुल तर्जुमासारखे एक खाते, ज्यात परधान गायक आणि गावचे पटेल तपासनीस म्हणून बसतील, आणि त्या खात्याची पुस्तके पहिलीपासून पदवीपर्यंत चालतील अशी सोय, ही मागणी अवाजवी नाही. तिचे दोन्ही अर्धे भाग हैदराबाद संस्थानाने स्वतः करून पाहिलेले आहेत.

हैदराबादच्या मराठी समाजाने या मागणीत पुढे असायला हवे, आणि त्याचे कारण त्याच्या स्वतःच्या इतिहासात आहे. परक्या माध्यमात शिकणे म्हणजे काय हे त्याने भोगले आहे, आणि त्या जाणिवेतून विवेकवर्धिनीसारख्या संस्था उभ्या केल्या आहेत. हाच समाज किनवट आणि राजुऱ्यात गेला की बहुसंख्य होतो आणि त्याची भाषा गोंड मुलासाठी राज्याची भाषा होते. अल्पसंख्य असताना जो न्याय मागितला तो बहुसंख्य असताना देता आला, तरच तो न्याय होता हे सिद्ध होते. शतकापूर्वी मराठी वकील, शिक्षक आणि व्यापारी यांनी वर्गणी काढून मराठी शाळा चालवल्या. तशीच वर्गणी, तोच वेळ आणि तीच चिकाटी आता गोंडी पुस्तकांसाठी, गोंडी शिक्षकांच्या शिष्यवृत्त्यांसाठी आणि विद्यापीठातल्या गोंडी अभ्यासासाठी लावावी. आपल्या संस्थांच्या इतिहासाचे खरे स्मरण या कामातून होईल.